सहल नव्हे, धम्मयात्रा! : सोपाऱ्याचा स्तूप आणि कळंबचा समुद्र



आमच्या डोळखांब भागातल्या माणसांना समुद्र ठाऊक आहे तो ६ डिसेंबरचा. आसनगावहून लोकल धरायची, दादरला उतरायचे, रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीवर माथा टेकायचा आणि भरल्या डोळ्यांनी परतायचे. समुद्र शेजारीच असतो, पण त्या दिवशी त्याच्याकडे पाहायला मन कुठे असते? आमच्या वस्तीतल्या एका आजीने आयुष्यभर समुद्र पाहिला तो असाच. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पाच कुटुंबे नालासोपाऱ्याला निघालो, तेव्हा आजीला मुद्दाम बरोबर घेतले.

खरे तर मुलांचा हट्ट वॉटर पार्कचा होता. माणशी तिकीट आणि वर आतले महागडे खाणे, मजुरी करणाऱ्या घराला ते कसे झेपणार? मी म्हटले, "समुद्रही दाखवतो आणि आपला इतिहासही." बायांनी भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी बांधून घेतली. पहाटेच्या एस. टी. ने शहापूर, मग आसनगावहून दादर आणि तिथून विरार लोकलने नालासोपारा. स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षाने स्तूपापाशी पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते.

समोर विटांचा जुना उंचवटा, भोवती झाडे. मुलांचा चेहरा पडला. "काका, एवढंच?" सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील घेतले आणि सावलीत बसून मी सांगू लागलो.

या टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्या समाजाचा कोणी राजा इथे होऊन गेला, अशी लोकांची समजूत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक करंडक होते : तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय असावे? हिरे-माणके नव्हे, मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे इंद्रजींनी मानले. सोन्याच्या आत माती जपणारी ही माणसे कशाला मोल देत होती, ते मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. पेटीत सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ मूर्तीही मिळाल्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

सोपारा हे प्राचीन काळचे मोठे बंदर. आपल्या मुरबाड तालुक्यातल्या नाणेघाटातून जुन्नरकडचा माल खाली उतरे आणि कल्याण, सोपारा या बंदरांकडे जाई. म्हणजे व्यापाऱ्यांचे तांडे आणि भिक्खू आपल्याच मुलखातून चालत गेले. हे ऐकल्यावर नाणेघाट पाहिलेली पोरे सरसावून बसली.

याच सोपाऱ्याशी पुण्ण थेरांचे नाव जोडलेले आहे. सूनापरान्त देशी जाण्याची आज्ञा त्यांनी मागितली, तेव्हा भगवंतांनी विचारले, "तिथले लोक तापट आहेत. शिव्या देतील, मग?" पुण्ण म्हणाले, हात उगारत नाहीत, म्हणजे भलेच म्हणायचे. मारले तर? जिवे मारीत नाहीत, म्हणजे भलेच! वस्तीवस्तीत काम करताना चार शब्द ऐकून घरी बसणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांनी ही गोष्ट रोज आठवावी.

आता मुद्द्याची गोष्ट. १८८२ सालीच इथल्या भातेला तलावाजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषय कोणता? सहल! पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी फिरत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधिवृक्षाचे स्थान गाठले आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटावे, वृद्धांना मदत द्यावी, खेड्यातल्या माणसांशी धम्माविषयी बोलावे, हीच त्याची मौज. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला तो १९५६ साली, ज्या साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला!

दुपारी कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. स्वच्छ ऊन, सुरूची झाडे, लांबच लांब वाळू. डबे सुटले. भरतीची वेळ तिथल्याच लोकांना विचारून घेतली आणि मुलांना गुडघ्याच्या पुढे जाऊ दिले नाही. जपानमध्ये कामाकुरा गावी समुद्राजवळ बुद्धांची भव्य कांस्यमूर्ती उघड्यावर बसलेली आहे. तिथली कुटुंबे एकाच दिवसात वंदनाही करतात आणि किनाराही पाहतात. ते आपल्याला का जमू नये?

आजीने लुगडे जरा वर खोचले आणि पाण्यात पाय घातले. लाट आली तशी ती लहान मुलीसारखी हसली. मग विचारले, "बाबांच्या पायाशी येतो, तोच का रे हा समुद्र?"

"हो आजी, तोच."

ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

वाचकहो, २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि सोपारा आपल्या ठाणे जिल्ह्यातून गेला, पण तो आपल्या मनातून जाता कामा नये. वारसा आपला म्हणायचा, तर आधी तिथे जावे लागते. जाताना मुलांना न्या, म्हाताऱ्यांना न्या. विटांवर नावे कोरू नका, त्यांवर मेणबत्त्या लावू नका, आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणा. येत्या सुट्टीत दोन-चार घरे एकत्र येऊन एक तरी धम्मयात्रा काढा.

नमो बुद्धाय! जयभीम!