तीस हाडांचा हिशेब

सांगलीहून एका आजोबांचं पत्र आलं आहे. नात मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणते, माणसाच्या अंगात २०६ हाडं. आजोबांच्या मोबाइलवर आलेला मजकूर म्हणतो, सुश्रुतानं ३०० सांगितली, नवजात बाळाला तेवढीच असतात, म्हणजे त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. खरं काय?

बाळाची हाडं तीनशेच्या आसपास धरतात आणि वाढत्या वयात ती एकमेकांत सांधली जातात, हे खरं. पण सुश्रुताच्या तीनशेत बत्तीस दात आहेत. बोळक्या तोंडाच्या बाळाला बत्तीस दात कुठले? नाकाकानाच्या कूर्चाही त्यानं ‘तरुण’ अस्थी म्हणून धरल्या. चरकानं तर वीस नखंसुद्धा मोजली आणि आकडा ३६० वर नेला.

सुश्रुताची खरी गंमत त्याच्या संहितेतल्या ‘शारीरस्थान’ या भागाच्या पाचव्या अध्यायात आहे. पायाचा हिशेब तो असा मांडतो: बोटांत १५, तळव्यापासून घोट्यापर्यंत १०, टाचेत १, नडगीच्या भागात २, गुडघ्यात १, मांडीत १. एकूण ३०. आता नातीचं पुस्तक उघडा: बोटांत १४, तळव्यात ५, घोटा-टाच मिळून ७, नडगीच्या भागात २, गुडघ्याची वाटी १, मांडीत १. एकूण ३०! मी पहिल्यांदा हे शेजारी शेजारी लिहिलं, तेव्हा विश्वास बसेना म्हणून बेरीज पुन्हा करून पाहिली.

पण पायाचा अंगठा बघा. बाकीच्या बोटांना तीन पेरं, अंगठ्याला दोनच. सुश्रुतानं सरसकट पाच त्रिक पंधरा केलं. एक हाड जास्त झालं. तळवा, घोटा, टाच यांत बारा असतात, त्यानं अकरा धरली. एक कमी झालं. फिटंफाट! हातालाही त्यानं पायाचाच हिशेब लावला, त्यामुळे कोपरालासुद्धा वाटी मिळाली. हातातली खरी हाडं मोजली, तर तीही तीसच भरतात.

हा सगळा हिशेब हाडन् हाड तपासला तो रुडॉल्फ हर्नल यांनी. आग्र्याजवळच्या सिकंदऱ्यात १८४१ साली जन्मलेल्या या माणसानं प्राचीन भारतीय अस्थिगणनेवर १९०७ साली अख्खं पुस्तक काढलं. सुश्रुताचा जयजयकार करणाऱ्यांनी हर्नल वाचायला हवा. इतक्या आस्थेनं सुश्रुत वाचणारे फार थोडे झाले.

मला आकड्यापेक्षा सुश्रुताची रीत मोठी वाटते. अखंड देह निवडायचा, मुंज, कुश, ताग असल्या कशानं तरी गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून नदीच्या पाण्यात आडजागी ठेवायचा. माहुली ते हरिपूर कृष्णाकाठ पाहिलेल्यांना अशी जागा लगेच डोळ्यांपुढे येईल. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत कातडीपासून एकेक थर पाहायचा. मिरजेच्या पोरांच्या हाती पंज्याची हाडं सुटी, स्वच्छ येतात. पाण्यातून काढलेल्या देहात ती चिवट बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असणार. तळव्याचा हिशेब तिथेच चुकला असावा, असं मला वाटतं.

आजोबा, एक हात सैल सोडा. मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या रेषेत, दुसऱ्या हाताचं बोट टेकवा. वाटाण्याएवढं एक हाड लागेल आणि दाबलं की जरासं सरकेल. मनगटातल्या आठांपैकी ते एक.