सार्वजनिक संस्थेची नोंदणी : कां व कशी

सार्वजनिक कार्याची हौस आपल्या समाजांत उणी नाहीं. एखाद्या पेठेंतील दहा-बारा मंडळी सायंकाळीं एकत्र जमतात, मुलांसाठीं मोफत वाचनालय काढावें असें ठरतें, कोणी जागा देतो, कोणी कपाट देतो, कोणी पुस्तकें देतो आणि महिन्याभरांत दारावर पाटीही लागते. येथपर्यंत कायद्याची आठवण कोणास होत नाहीं. प्रश्न पुढें निघतो. वर्गणी जमूं लागते. ती ठेवावयाची कोठें? संस्थेच्या नांवें खातें उघडावयाचें तर बँक बहुधा नोंदणीचें प्रमाणपत्र मागते. मग तूर्त सोय म्हणून चिटणीसांच्या स्वतःच्या नांवें खातें निघतें. चिटणीस अर्थातच सचोटीचे गृहस्थ असतात. पण सचोटीच्या गृहस्थासही मृत्यु चुकत नाहीं. आणि ते निवर्तले म्हणजे त्या पैशावर पहिला हक्क त्यांचे वारस सांगूं शकतात. वारस भले असले तर पैसा परत देतील. परंतु सार्वजनिक पैसा कोणाच्या भलेपणावर अवलंबून ठेवावा काय, हा आजच्या भाषणाचा मुख्य प्रश्न आहे.

नोंदणी म्हणजे सरकारी शिक्का मिळवून प्रतिष्ठा वाढविणें, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाहीं. कार्य निराळें आणि कार्यकर्ता निराळा, असा भेद कायद्यानें मान्य करणें हें नोंदणीचें खरें प्रयोजन होय. हा भेद एकदां झाला म्हणजे माणसें बदलतात, निवृत्त होतात, रुसून निघून जातात. तरी संस्थेचा पैसा, जागा व नांव संस्थेकडेच राहतें.

आपल्या देशांत या कामासाठीं मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग सोसायटीचा. 1860 सालचा एकविसावा कायदा, म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, हा साहित्य, शास्त्र व धर्मादाय यांसाठीं एकत्र येणाऱ्या मंडळींकरितां झाला, व तो महाराष्ट्रांत आजही लागू आहे. कर्नाटक, पश्चिम बंगाल, तामिळनाडू अशा कांहीं राज्यांनीं मागाहून आपापले निराळे कायदे केले. दुसरा मार्ग न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा. एखाद्या दात्यानें कांहीं मिळकत एखाद्या सत्कार्यास वाहून ती विश्वस्तांच्या हातीं सोंपविली म्हणजे न्यास होतो. तिसरा मार्ग कंपनीचा. 2013 सालच्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमान्वयें अशी कंपनी स्थापितां येते कीं, जिचा नफा भागीदारांत वांटला जात नाहीं, तो तिच्या उद्दिष्टांकडेच लावला जातो. दात्याची मिळकत सांभाळावयाची असेल तर न्यास सोयीचा. मोठ्या, अनेक प्रांतांत पसरणाऱ्या व्यवहारास कंपनी बरी. आणि आपल्या वाचनालयासारख्या, सभासदांनीं मिळून चालविलेल्या कार्यास सोसायटीच योग्य.

सोसायटीसाठीं निदान सात माणसें लागतात. त्यांनीं दोन लेख तयार करावयाचे. पहिला ज्ञापन, ज्यास कचेरींत मेमोरँडम म्हणतात. त्यांत संस्थेचें नांव, तिचे उद्देश, आणि पहिल्या कार्यकारी मंडळांतील प्रत्येकाचें नांव, पत्ता व व्यवसाय हीं लिहावीं लागतात. पूर्वीं नोंदलेल्या संस्थेच्या नांवाशीं घोंटाळा होईल, किंवा सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल, असें नांव घेऊं नये. दुसरा लेख नियमावलीचा. तिच्या प्रतीवर कार्यकारी मंडळांतील निदान तिघांनीं ती बरोबर असल्याची सही करावी लागते.

नियमावली लिहितांना बहुतेक मंडळी दुसऱ्या एखाद्या संस्थेची प्रत आणून नांव तेवढें बदलतात. ही घाई पुढें महाग पडते. नियमावली लिहिली जाते स्नेहाच्या दिवसांत, आणि ती उघडून पाहण्याची वेळ येते कलहाच्या दिवसांत. सभासद कोणास करावें आणि कोणत्या कारणानें काढावें, सभेची सूचना किती दिवस आधीं द्यावी, गणपूर्ति किती जणांची, मंडळाची मुदत किती वर्षांची, आणि मुदत संपूनही निवडणूक झाली नाहीं तर कारभार कोणीं पाहावा, या प्रश्नांचीं उत्तरें सर्वांचीं मनें निर्मळ आहेत तोंवरच लिहून ठेवावीं. एक गोष्ट मात्र कायद्यानेंच ठरविली आहे. संस्था विसर्जित करावयाची झाल्यास मूळ अधिनियमाप्रमाणें तीन पंचमांश सभासदांची संमति लागते. आणि देणीं फेडून जें उरेल तें सभासदांनीं वांटून घ्यावयाचें नसतें, तें दुसऱ्या संस्थेसच द्यावें लागतें. वाचनालय बंद पडलें तरी पुस्तकें आपसांत वांटून घेतां येत नाहींत.

महाराष्ट्रांत एवढ्यानें काम संपत नाहीं. 1950 सालीं मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम झाला. तो आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो, आणि 1960 सालीं वेगळ्या झालेल्या गुजरातेंतही तो चालत आला आहे. धर्मकार्य अथवा लोकोपयोगी कार्य यांसाठीं स्थापन झालेली सोसायटी या अधिनियमाप्रमाणें सार्वजनिक न्यासच ठरते. म्हणून स्थापनेपासून तीन महिन्यांच्या आंत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत दुसरी नोंदणी करावी लागते. अशा रीतीनें आपल्याकडील संस्थेपाशीं एक सोडून दोन प्रमाणपत्रें असतात.

प्रमाणपत्र चौकटींत बसवून भिंतीवर टांगलें कीं कर्तव्य संपलें, असें मानणें धोक्याचें आहे. हिशेब दरवर्षीं पुरे करून तपासून घ्यावे लागतात. स्थावर मिळकत विकावयाची किंवा संस्थेसाठीं कर्ज काढावयाचें तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधीं घ्यावी लागते. आणि ज्या कामाची सर्वांत अधिक हेळसांड होते, तें म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त बदलला, निवृत्त झाला किंवा वारला, तर तो बदल नव्वद दिवसांच्या आंत कळवावयाचा असतो. तो न कळविल्यास कागदोपत्रीं जुनेच विश्वस्त राहतात. पंधरा वर्षांनीं जागेचा वाद न्यायालयांत गेला म्हणजे नोंदवहींत दिसतात ते हयात नसतात, आणि जे कारभार पाहतात त्यांचें नांव नोंदवहींत नसतें. कार्य चालूं असूनही संस्था मुकी होते.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नोंदणी झाली म्हणून करमाफी आपोआप मिळत नाहीं. संस्थेच्या उत्पन्नास व तिला मिळणाऱ्या देणग्यांस सवलत हवी असल्यास आयकर खात्याकडे निराळा अर्ज करावा लागतो. परदेशांतून देणगी घ्यावयाची तर 2010 सालच्या परदेशी अंशदान कायद्याखालीं केंद्र सरकारची अनुज्ञा लागते. ती नसतां आलेला पैसा, हेतु कितीही चांगला असला तरी, स्वीकारतां येत नाहीं.

इतकी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. लहानशा वाचनालयास हा भार जड वाटणें स्वाभाविक आहे, आणि केवळ चार मित्रांनीं स्वतःच्या पैशानें वर्षभर करावयाच्या उपक्रमास नोंदणीची निकडही नाहीं. परंतु लोकांपुढें हात पसरला कीं स्थिति पालटते. देणगी देणारा विश्वास देत असतो, आणि त्या विश्वासाचा हिशेब मागण्यास एखादें ठिकाण असावें लागतें.

म्हणून कार्यकर्त्यांस जसें हें सांगणें आहे, तसेंच देणाऱ्यांसही आहे. आपल्या दारीं कोणी पावतीपुस्तक घेऊन आला किंवा आपलें नांव कार्यकारी मंडळांत घालावें अशी विनंति झाली, तर तीन कागद अवश्य मागावे : नोंदणीचें प्रमाणपत्र, नियमावली, आणि गेल्या वर्षाचे तपासलेले हिशेब. हें मागण्यांत अविश्वास नाहीं. चांगल्या संस्थेचा चिटणीस हे कागद आनंदानें दाखवील. आणि जो दाखविण्यास कां-कूं करील, त्याच्या हातीं पैसा देण्यापूर्वीं किंवा त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं आपण एक दिवस थांबावें हें बरें.