गार्ड ‘ऑप्शनल’ नसतो

गाडीचा दरवाजा असो, पंख्याचं पातं असो की स्टीलचं ताट, पत्र्याला आकार देते ती पॉवर प्रेस. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत शिरलं की तिचा ठोका कानावर येतो. कामगारांची बोटं घेणाऱ्या मशीनमध्येही तिचाच क्रमांक वरचा आहे. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावानं वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांचे अहवाल काढते. हरियाणातून सुरू झालेल्या या कामात पुढे महाराष्ट्रातले जखमी कामगारही नोंदले गेले. या अहवालांमध्ये पॉवर प्रेसचं नाव पुन्हा पुन्हा अग्रभागी येतं.

असा अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेटरनं हात आत घातलाच का? खरं तर तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, हात आत असताना मशीन खाली येऊच कशी शकली? त्याचं उत्तर कामगाराकडे नसतं. मशीन बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये असतं, आणि यंत्रसुरक्षेचे सगळे कायदे, मानकं आणि प्रमाणपत्रं त्याच एका उत्तरासाठी आहेत.

की-क्लचची गोष्ट

लहान कारखान्यांत आजही की-क्लचच्या मेकॅनिकल प्रेस मोठ्या संख्येनं चालतात. त्यांची रचना साधी. मोटरवर जड फ्लायव्हील सतत फिरत राहतं. ऑपरेटरनं पॅडल दाबलं की एक चावी क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांना जोडते, शाफ्ट एक पूर्ण फेरा घेतो, रॅम, म्हणजे पत्र्यावर दाब देणारा भाग, खाली येऊन वर जातो आणि चावी सुटते. यातला ‘पूर्ण फेरा’ हा भाग जिवावर बेतणारा आहे. चावी एकदा गुंतली की फेरा पुरा झाल्याशिवाय सुटत नाही. अर्ध्या वाटेत ही प्रेस थांबवता येत नाही. शिवाय चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. तयार झालेला जॉब काढायला हात नेमका तेव्हाच डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेलेला असतो.

अशा प्रेसला लाइट कर्टन लावून ‘सेफ्टी बसवली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रकाशाचा पडदा हात ओळखतो आणि थांबण्याचा आदेश देतो, पण जी मशीन मधे थांबूच शकत नाही तिला आदेश देऊन उपयोग काय? अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा प्रेसविषयीचा नियम म्हणूनच पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर असं उपकरण ग्राह्य धरत नाही. तिथं हात आत जाणारच नाही असं पक्कं कुंपण तरी हवं, नाहीतर हवेच्या दाबावर चालणारा फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असलेली, कुठल्याही क्षणी थांबणारी प्रेस तरी हवी. सुरक्षितता नंतर चिकटवता येत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण.

आधी डिझाइन, मग गार्ड, शेवटी पाटी

यंत्रसुरक्षेचं जगभर मानलं जाणारं मूळ मानक म्हणजे आयएसओ १२१००. भारतीय मानक ब्यूरोनं ते आयएस १६८१९ या क्रमांकानं स्वीकारलं आहे. त्याचा गाभा तीन पायऱ्यांचा आहे आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही.

पहिली पायरी, धोका डिझाइनमधूनच काढून टाकणं. डाय अशी बनवायची की तिच्या फटीत बोट शिरणारच नाही. ओशाच्या नियमात ही फट पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर वेगळा गार्ड लागत नाही. हातानं पत्रा ठेवण्याऐवजी फीडर लावणं, तयार जॉब हवेच्या झोतानं बाहेर टाकणं, हेही याच पायरीत येतं. दुसरी पायरी, जो धोका काढता आला नाही त्याच्यासमोर संरक्षण उभं करणं: जाळी, इंटरलॉक असलेलं (उघडताच मशीन थांबवणारं) दार, दोन हातांची बटणं, लाइट कर्टन. तिसरी आणि शेवटची पायरी, उरलेल्या धोक्याची माहिती देणं. मॅन्युअल, पिवळी त्रिकोणी खूण, प्रशिक्षण.

आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा लागतो. आधी ‘सावधान’ची पाटी, मग अपघातानंतर जाळी, आणि डिझाइनचा विचार कधीच नाही. कामगार आठ-आठ तास तीच हालचाल करतो, त्याच्यावर पीसचं टार्गेट असतं, रात्रपाळीला डोळा लागतो. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच मशीन बनवायची असते. पाटी वाचून बोट वाचत नाही.

गणित बोटं वाचवतं

लाइट कर्टन डायपासून किती अंतरावर बसवायचा, हे अंदाजानं ठरत नाही. आयएसओ १३८५५ या मानकात त्याचं सूत्र आहे. हात पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरायचा, त्याला मशीन थांबायला लागणाऱ्या एकूण वेळानं गुणायचं आणि पडद्याच्या किरणांमधून बोट किती आत जाऊ शकेल त्यानुसार भर घालायची. १४ मिलिमीटर जाडीची वस्तू ओळखणारा पडदा असेल तर ही भर शून्य.

समजा, पडद्यानं हात ओळखल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत ०.१५ सेकंद लागतात. २००० गुणिले ०.१५, म्हणजे ३०० मिलिमीटर. पडदा डायपासून निदान एवढा लांब हवा. आता दोन वर्षांनी ब्रेकचं लायनर झिजलं आणि तोच वेळ ०.२५ सेकंदावर गेला. आता अंतर हवं ५०० मिलिमीटर, पडदा मात्र ३०० वरच उभा आहे. दिवा हिरवा, पॅनेल नीटनेटकं, ऑडिटच्या यादीत ‘लाइट कर्टन आहे’ समोर बरोबरची खूण, आणि तरीही रॅम थांबण्याआधी हात आत पोहोचतो. म्हणूनच थांबण्याचा वेळ मशीन देताना मोजून मॅन्युअलमध्ये लिहिणं हे उत्पादकाचं काम आणि तो पुन्हा पुन्हा मोजत राहणं हे वापरणाऱ्याचं.

दोन हातांच्या बटणांचंही असंच. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक मिळाला पाहिजे आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडली गेलीच पाहिजेत. नाहीतर एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायचं आणि एका हातानं काम करायचं, ही युक्ती प्रेस शॉपला नवी नाही. शिवाय ही बटणं फक्त ऑपरेटरचे हात अडकवून ठेवतात. बाजूनं पत्रा सरकवणाऱ्या हेल्परचे हात मोकळेच राहतात, त्यांच्यासाठी बाजूला वेगळा गार्ड लागतो.

तिसरी गोष्ट पॅनेलच्या आतली. एकाच कॉन्टॅक्टरवर सगळी सुरक्षा टांगलेली असेल आणि त्याचे पॉइंट चिकटले, तर इमर्जन्सीचं लाल बटण दाबूनही मशीन चालूच राहील. आयएसओ १३८४९ हे मानक नियंत्रण प्रणालीच्या याच सुरक्षा भागाला ‘ए’ ते ‘ई’ अशी पातळी देतं. दुखापत कायमची असेल, धोक्याजवळ वारंवार जावं लागत असेल आणि निसटायला वाव नसेल, तर सर्वांत वरची ‘ई’ पातळी लागते. हातानं पत्रा भरण्याच्या प्रेसला या तिन्ही अटी लागू पडतात. म्हणून तिथं दोन स्वतंत्र मार्ग हवेत: एक बिघडला तर दुसऱ्यानं थांबवावं आणि बिघाड लक्षात येऊन पुढचा स्ट्रोक मिळूच नये.

आपल्याकडचा कायदा

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ नं यंत्राचे धोकादायक भाग मजबूत कुंपणानं बंदिस्त ठेवायला सांगितलं. हा भार मुख्यतः कारखाना चालवणाऱ्यावर होता. कलम २६ नं मात्र विक्रेत्यालाही धरलं: फिरत्या शाफ्टवरचे बाहेर आलेले स्क्रू, बोल्ट, चाव्या झाकलेल्या नसतील आणि चालू असताना वारंवार जुळवणी न लागणारे गिअर बंदिस्त नसतील, तर अशी मशीन विकणं हाच गुन्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशेचा आकडा पुढे किती क्षुल्लक झाला, हे सांगायला नको.

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीत कलम ७-ब आलं. यंत्राचं डिझाइन, उत्पादन, आयात किंवा पुरवठा करणाऱ्यानं ते व्यवहार्य असेल तितकं सुरक्षित बनवावं, त्याच्या चाचण्या घ्याव्यात आणि वापराची पुरेशी माहिती द्यावी, असं बंधन त्यात होतं. पण त्यातच एक वाटही ठेवली गेली: ‘सुरक्षेची अमुक उपाययोजना आम्ही करू’ अशी लेखी हमी खरेदीदारानं दिली, तर उत्पादकाची जबाबदारी त्या मर्यादेत कमी होत असे. स्वस्तात मशीन हवी असलेला खरेदीदार आणि ऑर्डर हवी असलेला उत्पादक, दोघांनाही ही वाट सोयीची. कामगाराच्या वाट्याला मात्र गार्डविना प्रेस येते. हे उत्पादकाचं कर्तव्य पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही आलं. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महाराष्ट्रात अंमलबजावणीचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असतं.

या सगळ्यात एक गोष्ट नव्हती: मशीन बाजारात येण्यापूर्वीची सक्तीची तपासणी. ती उणीव भरून काढण्यासाठी केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ ला यंत्रं आणि विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचा एकत्रित तांत्रिक आदेश काढला. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, यंत्रमाग, मशीन टूल्स, ट्रान्सफॉर्मर असे अनेक प्रकार त्यात आले. मूळ मानक सगळ्यांना समान, त्यावर गार्ड, इंटरलॉक, विद्युत जोडणी अशा विषयांची मानकं आणि शेवटी त्या त्या यंत्राचं खास मानक, अशी त्याची उतरंड. प्रमाणन भारतीय मानक ब्यूरोच्या ‘स्कीम एक्स’खाली. अंमलबजावणी आधी वर्षभरानं व्हायची होती, उद्योगांनी वेळ मागितल्यावर ती १ सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलली गेली. अशा आदेशांच्या तारखा आणि याद्या बदलत राहतात, म्हणून प्रत्येक उत्पादकानं सल्लागाराच्या तोंडी माहितीवर न विसंबता राजपत्र स्वतः वाचावं. आणि तारीख पुढे गेली म्हणून काम पुढे ढकलू नये. जोखीम मूल्यमापन, सर्किटची गणितं, चाचण्यांच्या नोंदी या गोष्टी आठवड्यात उभ्या राहत नाहीत.

सीई: खूण कोणाची, जबाबदारी कोणाची

युरोपला मशीन पाठवणाऱ्या आपल्या उद्योजकांना ‘सीई’ची, म्हणजे यंत्र युरोपच्या सुरक्षा नियमांनुसार असल्याची, खूण परिचित आहे. २००६ चं मशिनरी डायरेक्टिव्ह २००९ च्या अखेरीपासून तिथं लागू आहे आणि २० जानेवारी २०२७ पासून त्याची जागा नवं मशिनरी रेग्युलेशन घेत आहे. नियंत्रण प्रणालीत बाहेरून ढवळाढवळ होऊ नये म्हणून संरक्षण, डिजिटल मॅन्युअलला मान्यता आणि जुन्या मशीनमध्ये मोठा बदल करणारा स्वतःच उत्पादक ठरणं, या त्यातल्या ठळक गोष्टी.

सीईबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की ते एखाद्या एजन्सीनं द्यायचं सर्टिफिकेट आहे. बहुतेक मशीनच्या बाबतीत अनुरूपतेची घोषणा उत्पादक स्वतः, स्वतःच्या सहीनं करतो. त्यामागे टेक्निकल फाइल असावी लागते: ड्रॉइंग, सर्किट, जोखीम मूल्यमापन, गणितं, चाचणी अहवाल, मॅन्युअल. ती दहा वर्षं जपून ठेवायची आणि तिथल्या यंत्रणेनं मागितली की द्यायची. हातानं भरण्याच्या धातुकामाच्या प्रेससारखी जास्त धोक्याची यंत्रं मात्र वेगळ्या यादीत आहेत. सुसंगत युरोपीय मानक पूर्णपणे पाळलं नसेल तर त्यांना नोटिफाइड बॉडीची, म्हणजे युरोपीय संघाच्या सदस्य देशानं अधिसूचित केलेल्या संस्थेची तपासणी लागते. ती संस्था त्या यंत्रप्रकारासाठी खरोखर अधिसूचित आहे का, हे युरोपीय आयोगाच्या ‘नँडो’ या खुल्या यादीत कुणालाही पाहता येतं. मशीन न पाहता, फाइल न वाचता ईमेलवर आलेलं सुंदर छपाईचं ‘सीई सर्टिफिकेट’ बंदरावर अडकलेला माल सोडवत नाही आणि अपघातानंतर मालकालाही वाचवत नाही.

दुसरा गैरसमज ‘आम्ही आयएसओ कंपनी आहोत’ हा. आयएसओ ९००१ कंपनीच्या गुणवत्ता व्यवस्थापनाबद्दल बोलतं. तुमच्या प्रेसचा ब्रेक किती वेळात लागतो, याबद्दल त्यात एक शब्दही नाही.

ऑर्डर देताना

सुरक्षिततेचा खरा निर्णय ऑर्डरवर सही होताना लागतो. मशीनच्या कोटेशनमध्ये लाइट कर्टन, बाजूचे गार्ड, सेफ्टी रिले ‘ऑप्शनल’ या मथळ्याखाली, वेगळ्या किमतीनं येतात आणि घासाघीस सुरू झाली की आधी तेच गळतात. हे बदलणं दोन्ही बाजूंच्या हातात आहे.

उत्पादकांनी गार्डविना किंमत सांगणंच बंद करावं. लहान उद्योजकाला हे अवघड जातं हे खरं, शेजारचा गाळेवाला स्वस्तात द्यायला तयार असतो. पण जोखीम मूल्यमापन लिहून काढायला महागडी सॉफ्टवेअर लागत नाहीत. डिझाइनर, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि प्रत्यक्ष मशीन चालवणारा ऑपरेटर यांना एकत्र बसवावं लागतं. सेटिंग करताना, साफसफाईत, जॉब अडकल्यावर काय काय होतं, हे ऑपरेटरइतकं कुणाला माहीत असतं? आणि ही फाइल पुढच्या प्रत्येक मॉडेलला कामी येते.

खरेदीदारांनी ऑर्डरमध्येच चार गोष्टी लिहाव्यात: जोखीम मूल्यमापनाचा सारांश, मोजलेला थांबण्याचा वेळ, सुरक्षा सर्किटची पातळी आणि मराठी किंवा हिंदीतलं मॅन्युअल. मोठ्या वाहन कंपन्या पुरवठादाराकडे पार्टची मापं जितक्या काटेकोरपणे तपासतात, तितक्याच काटेकोरपणे त्यांनी तो पार्ट बनवणारी प्रेसही तपासावी. की-क्लचची जुनी प्रेस दुसऱ्या कारखान्याला विकण्याऐवजी भंगारात काढावी. आज ती विकून चार पैसे मिळतील, पण तिचा धोका फक्त पत्ता बदलेल.

गार्डची किंमत ही मशीनचीच किंमत आहे. ती कारखान्यानं भरली नाही, तर कामगार आपल्या बोटांनी भरतो. पुढच्या वेळी कोटेशन हातात येईल, तेव्हा ‘ऑप्शनल’ हा मथळा खोडा आणि मगच सही करा.