हरताळ फासा, नक्षी उजळते

मराठीत एखाद्या गोष्टीला हरताळ फासला की ती संपली. पोथीतलं चुकलेलं अक्षर पिवळ्या हरताळाने झाकत, तिथून तो वाक्प्रचार आला. जावा-मलायात नेमकं उलटं. तिथे जुन्या खंजिराच्या पात्यावर हरताळाच्या जातीचं खनिज फासतात आणि दडलेली नक्षी वर येते!

या खंजिराचं नाव केरिस. कधी सरळ, कधी नागमोडी. नागमोडी असेल तर वळणं मोजा: तीन, पाच, सात, अकरा... सम आकडा आला तर पुन्हा मोजा, वळणं विषमच असतात. मलेशियाने १९८९ साली त्याला एक रिंगिटच्या नाण्यावर बसवलं, तर इंडोनेशियाच्या केरिसला २००५ साली युनेस्कोने वारशाचा मान दिला.

गंजलेलं पातं दुरुस्त करायची जावातली कृती ऐकली तर आपल्याला स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटेल. आधी नारळाच्या पाण्यात भिजवायचं. मग लिंबू चोळून गंज उतरवायचा. मग रिठ्याने धुवायचं. (हो, आजी चांदीची निरांजनं ज्याने घासायची तोच, तिकडच्या भावकीतल्या झाडाला लराक म्हणतात.) पातं कोरडं झालं की लिंबाच्या रसात मनशिळीसारखं आर्सेनिकचं खनिज खलून ते लावायचं. साधं लोखंड बघता बघता काळंभोर पडतं, निकेल असलेले थर मात्र रुपेरीच राहतात. लोहाराने शंभर-दोनशे वर्षांपूर्वी दुमडून ठोकलेले ते थर लाकडातल्या रेषांसारखे डोळ्यांसमोर उमटतात. ही नक्षी म्हणजे पामोर. शेवटी चंदनाचं सुगंधी तेल. हल्लीचे काही हौशी लोक खुशाल शिलाई मशीनचं तेल लावतात.

घरी करून बघू नका. आर्सेनिक ते आर्सेनिकच. शिवाय प्रत्येक आंघोळीला पातं थोडं झिजतं. पिढ्यान् पिढ्या भक्तिभावाने न्हाऊ घातलेल्या केरिसच्या धारा कुरतडल्यासारख्या दिसतात, त्या लढाईने नव्हे, लाडाने.

निकेल आलं कुठून? काही नामवंत पात्यांसाठी थेट आभाळातून. अठराव्या शतकात प्रंबाननच्या देवळांजवळ पडलेली उल्का सुराकर्ताच्या राजवाड्यात नेली. तिचं लोखंड राजघराण्याच्या पात्यांत गेलं आणि उरलेल्या तुकड्याला ‘किआई पामोर’ असं आदराचं नाव मिळालं.

दुरुस्तीतली खरी कसोटी सोन्या-चांदीच्या साजाची. आधी मूठ सोडवायची, कारण पात्यावरचं लिंबू चांदीच्या कोंदणावर ओघळलं की काम वाढलंच. मूठ आणि पातं यांच्या सांध्यावर एक वाटीसारखं कडं बसतं, मलय भाषेत पेंडोकोक. ते कधी चांदीचं, कधी सोन्याचं, कधी सुआसाचं, म्हणजे सोनं-तांब्याच्या लालसर मिश्रधातूचं. हरवलेल्या सुआसाच्या जागी पिवळंधमक सोनं बसवलं तर ते पैठणीला नायलॉनचं ठिगळ लावल्यासारखं दिसतं. म्यानावरचा चांदीचा पत्रा चेपला असेल तर आतून लाकडी हत्याराने हळूहळू उचलायचा. आणि कुणी आधीच कथील-शिशाचा डाख मारून ठेवला असेल तर? तो पूर्ण खरवडल्याशिवाय विस्तव दाखवायचा नाही, नाहीतर कथील-शिसं चांदीत शिरून भोकं पाडतं. अशा वेळी आधीच्या कारागिराला मनोमन दोन शब्द सुनवायची मुभा असावी.

चकाकीचा मोह मात्र आवरावा. उठावाच्या नक्षीतल्या खोबणींतला काळसरपणा काढला की पानं-फुलं सपाट दिसू लागतात. मला विचाराल तर आरशासारखा चमकणारा जुना केरिस बघून संशयच येतो.

मुठीचा एक प्रकार बघाच. वाकलेली आकृती, हात अंगाशी घट्ट आवळलेले. मलय भाषेत नाव ‘जावा डेमाम’, म्हणजे तापाने फणफणलेला जावावासी! शेजाऱ्याची अशी फिरकी घेणारं नाव मानाच्या शस्त्राच्या मुठीला, हे विशेष.

आपल्या ओळखीची मंडळीही इथे भेटतात. मध्य जावातल्या सुकुह देवळाच्या पंधराव्या शतकातल्या शिल्पात लोहारशाळा आहे. पाती घडवतोय भीम, भाता मारतोय अर्जुन आणि मधोमध नाचतायत गणपतीबाप्पा. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातल्या एका केरिसवर तांब्याचा पत्रा आहे, त्यावर रामायणातले प्रसंग, आणि पात्यावर साल कोरलंय शके १२६४, म्हणजे इसवी सन १३४२.

आणि डचांशी लढलेला जावाचा राजपुत्र दिपोनगोरो, त्याचा केरिस? १८३० साली डचांनी त्याला पकडलं आणि पुढच्याच वर्षी केरिस नेदरलँड्सच्या राजाकडे पोचला. नंतर संग्रहालयात तो इतर पात्यांत असा मिसळून गेला की नेमका कोणता, हेच कळेना. शोधायला उपयोगी पडली चित्रकार राडेन सालेहने लिहून ठेवलेली टिपणी. मार्च २०२० मध्ये राजा विलेम-अलेक्झांडरने तो इंडोनेशियाला परत दिला. पात्यावर नाग कोरलेला आहे. एकेकाळी त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा होता. आता त्याचे जेमतेम कण उरलेत.