येलदरीचा काळा पाषाण आणि सांतोरिनीची राख

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखले जाते. या भूमीचा ज्वालामुखीशी काही संबंध असेल असे मात्र तेथील माळरान पाहून कोणाला वाटत नाही, कारण धुमसणारा डोंगर, राखेचे उतार किंवा खोल मुख यांपैकी काहीच तेथे दिसत नाही. ग्रीसच्या एजियन समुद्रातील सांतोरिनी बेटाची गोष्ट अगदी उलट आहे. समुद्राने भरलेले विवर आणि त्याच्या कड्यावरची पांढरी घरे यांची छायाचित्रे जगभर पोचली आहेत आणि आपल्या ज्वालामुखीवरच ते बेट उपजीविका करते. तरीही दोन्ही ठिकाणच्या चुलीवर काय शिजते हे पाहिले, तर ही दोन्ही स्थळे परस्परांच्या बरीच जवळ येतात.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा बाहेर आला तो एखाद्या शिखरातून उसळून नव्हे, तर मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. तो पातळ असल्याने दूरवर पसरला, थिजला, त्यावर पुढचा थर आला, आणि असे थरावर थर साचून आज उरलेले सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचे बेसाल्टचे पठार तयार झाले. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आणि सपाट माथे ही त्या थरांचीच खूण होय. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे दिसणारा तांबडा पट्टा दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीचा, म्हणजे त्या काळात खडकाची झीज होऊन माती बनल्याचा पुरावा आहे. तर लाव्ह्यातील वायूंचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेल्या आणि पुढे पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या खडकाला मराठीत मांजऱ्या म्हणतात. गमतीची गोष्ट अशी की या प्रदेशात ज्वालामुखीच्या मुखासारखे दिसणारे एकमेव प्रसिद्ध स्थळ, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर, ज्वालामुखीने केलेलेच नाही. बेसाल्टवर आदळलेल्या उल्केने ते विवर खणले, हे 1970च्या दशकातील संशोधनाने निश्चित झाले.

सांतोरिनीचे वय त्या मानाने कोवळे. इसवी सनापूर्वी सोळाशेच्या सुमारास तेथे महाउद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचून समुद्रात गेला आणि अक्रोतिरी हे संपन्न नगर राखेखाली गाडले गेले. स्पिरिदोन मारिनातोस यांनी 1967मध्ये त्याचे उत्खनन सुरू केले. विवराच्या मध्यावरील निआ कामेनी या बेटावरचा शेवटचा उद्रेक 1950चा आहे.

दोन्ही प्रदेशांचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. सांतोरिनीत वर्षाला चारशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि तेथे नदी नाही. परंतु उद्रेकातून पडलेला सच्छिद्र प्युमिस दगड व राख समुद्रावरून येणारे धुके आणि दव शोषून ठेवतात, आणि त्या ओलाव्यावर द्राक्षे, लहान टोमॅटो व पांढरी वांगी पिकतात. असिर्तिको या द्राक्षाचे वेल मांडवावर न चढवता जमिनीलगत टोपलीच्या आकारात वळवले जातात, म्हणजे वाऱ्यापासून घडांचे रक्षण होते. येलदरीच्या परिसरात पाऊस त्याच्या दुपटीहून अधिक असला तरी तो बहुतांशी चार महिन्यांत पडून जातो, आणि पुढचे आठ महिने भिस्त असते ती बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीवर. या मातीतील चिकण खनिजे पाणी घेऊन फुगतात, ते दीर्घकाळ धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पाडतात. उतारावरची मुरमाड, हलकी रानेही त्याच खडकाची, पण तेथे ओल टिकत नाही. नदीकाठच्या भारी जमिनीत मात्र पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेली रब्बी ज्वारी पुढे पाऊस नसतानाही केवळ मुरलेल्या ओलीवर कणसाला येते.

या भागाच्या ताटाचा पाया ही ज्वारीच आहे. भाकरी, पिठले, ठेचा, भाजलेल्या धान्याच्या पिठाचा येसर घालून केलेली आमटी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडीची भाजी आणि कोवळ्या करडईची भाजी हे सगळे पदार्थ कोरडवाहू शेतातून थेट आलेले आहेत. कणसे दुधाळ असताना आगटीत भाजून खाल्ला जाणारा हुरडा तर त्या काळ्या रानाशिवाय कल्पनेतही आणता येत नाही, आणि मराठवाडा पाहायला येणाऱ्याने लेण्यांइतकेच महत्त्व हुरड्याला द्यायला हरकत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले ते याच जमिनीसाठी. सांतोरिनीत हेच स्थान ‘फावा’ या पिवळ्या डाळीला आहे. तिचे दाणे अक्रोतिरीच्या उत्खननातही सापडले आहेत. घट्ट शिजवून वर कांदा व ऑलिव्हचे तेल घातलेली ही डाळ मराठी माणसाला पिठल्याची आठवण देईल, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती आपल्याकडील लाखेच्या डाळीच्याच कुळातील आहे.

लाव्ह्याचा दगड स्वयंपाकघरातही आला. जाते, पाटा आणि वरवंटा काळ्या पाषाणाचे, आणि ते गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून पुन्हा खरखरीत करणारे पाथरवट गावोगाव फिरत. याच दगडात यादवकाळातील कारागिरांनी जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे घडवली. चुन्याचा आधार न घेता दगडात दगड गुंतवून रचण्याच्या या पद्धतीला देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यावरून हेमाडपंती म्हणतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन गुहामंदिरे आणि पलीकडे औंढ्याचे नागनाथ मंदिर यांमुळे हा टापू जैन, शैव आणि वारकरी अशा तिन्ही परंपरांचा ठरतो, कारण संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्यात, असे परंपरा सांगते.

1960च्या दशकात पूर्ण झालेल्या येलदरी धरणाची साठवण क्षमता सुमारे 934 दशलक्ष घनमीटर असून पायथ्याला जलविद्युत केंद्र आहे. जलाशयामुळे भाकरीच्या जोडीला रोहू, कटला असे गोड्या पाण्यातील मासे आले. मात्र येथून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि पूर्णा प्रकल्पाचे कालवे तेथून पुढे निघतात. म्हणून एवढ्या मोठ्या जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेली शेते कालव्याच्या लाभाबाहेर राहतात. पाणी ओसरू लागले की धरणांच्या काठाला उघड्या पडणाऱ्या ओल्या जमिनीत, जिला गाळपेर म्हणतात, हरभरा किंवा ज्वारी पेरतात, आणि ते पीकही मातीने धरून ठेवलेल्या ओलीवरच येते.