स्पीड गव्हर्नर घेताना

धरणगावहून कापूस, केळी भरून महामार्गाला लागणाऱ्या आमच्या बांधवांची रोजी गाडीच्या फिटनेसवर चालते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने बहुतेक व्यावसायिक गाड्यांचा वेग ताशी ८० किलोमीटरला, तर डंपर, टँकर व शाळेच्या बसचा ६० ला बांधला. दुचाकी, तीनचाकी वगळल्या.

नव्या गाडीला हे यंत्र कारखान्यातूनच येते, प्रश्न जुनीचा. साध्या पंपाच्या डिझेल इंजिनाला इंधन रोखणारा व्हॉल्व्ह लागतो. ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडलचा संदेश आवरणारे यंत्र. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. म्हणून यंत्राची एआयएस-०१८ मान्यता आपल्याच मॉडेलला आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे.

बसवल्यावर सील तपासावे, यंत्रावरचा क्रमांक प्रमाणपत्राशी जुळवावा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चालवून पाहावी. नुसता स्वस्त कागद घेऊ नये. तपासणीत गाडी अडकली की भाडे बुडते.

आणखी एक. ठरलेल्या वेगाला पोहोचलेली गाडी ओव्हरटेकच्या ऐन वेळी जोर देणार नाही. ती सवय आधी सोडावी. माल तासभर उशिरा पोहोचला तरी चालेल, ड्रायव्हर घरी पोहोचला पाहिजे.