तू दार धर, मग मी धरते

बालवाडीच्या मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहापाशी दोन मिनिटं उभं राहिलं की एक करार ऐकू येतो. "तू दार धर, मग मी तुझं धरते." एक मुलगी आत, दुसरी बाहेरून दोन्ही हातांनी दार ओढून उभी. आतली सारखी विचारते, "आहेस ना गं?" बाहेरचीचं लक्ष तोवर घसरगुंडीकडे गेलेलं असतं.

दाराला कडी नसते असं नाही. असते, पण मोठ्यांच्या हाताला येईल अशी. चार वर्षांचं मूल उभं राहून जेमतेम सव्वातीन फूट भरतं. सुतार मात्र सवयीने साडेतीन-चार फुटांवर भोकं पाडून मोकळा होतो. तीही बहुतेक टॉवर बोल्ट, म्हणजे नळीतून सरकणारी दांडी. पावसाळ्यात दार फुगलं किंवा बिजागरी सैल होऊन खाली आलं की दांडी आणि भोक यांची गाठ पडत नाही. आपण दार खांद्याने उचलून कडी लावतो. मुलाने काय करायचं? पीव्हीसीच्या दारांची निराळीच तऱ्हा. आतून पोकळ असल्यामुळे नुसते स्क्रू वर्षभरात कडीसकट हातात येतात. तिथे आरपार नटबोल्टच हवेत.

पण माझं खरं भांडण आहे ते बाहेरच्या कडीशी. रात्री कुत्री शिरू नयेत, गावातल्या टवाळांनी घाण करू नये म्हणून शाळा प्रत्येक दाराला बाहेरून कडी-कोयंडा लावते. दिवसा तीच कडी मुलांचं खेळणं होते. माझ्या भाच्याला मोठ्या गटात असताना मित्रांनी गंमत म्हणून कोंडलं आणि घंटा झाल्यावर विसरून गेले. शाळेच्या मावशी झाडू घ्यायला आल्या म्हणून तो सुटला. पुढे वर्षभर त्याची पाण्याची बाटली जशी भरून न्यायचा तशीच घरी परत यायची. पाणी प्यायलं नाही की शू लागत नाही, हा शोध त्याने स्वतःच लावला होता. लघवी दाबून ठेवणं आणि पाणी कमी पिणं यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ दोन्ही मागे लागू शकतात, हे आम्हाला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्या मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि सगळं राज्य हादरलं. सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. त्यानंतरच्या आमच्याकडच्या एका पालकसभेत "कड्याच काढून टाका" असाही सूर निघाला. भीती समजते, उपाय पटत नाही. कॅमेरा स्वच्छतागृहाच्या दाराशी थांबतो, थांबायलाच हवा. लहानग्यांसोबत बाईमाणूस असणं आणि मोठ्या माणसाला आत लपता येणार नाही असं दार असणं, ही खरी राखण.

म्हणून बालवाडीला दारच अर्धं हवं. साडेतीन-चार फुटांचं, खालून वीतभर मोकळं. मुलाला आडोसा मिळतो आणि मावशींना वरून डोकावता येतं. या वयाला कडी नसली तरी चालेल. ढकललं की चुंबकाला चिकटून बसणारं दार पुरतं. पहिलीपासून मात्र आतून कडी हवीच. इंग्लंडच्या २०१२ च्या नियमांत आठव्या वर्षापासून मुलगे-मुलींची वेगळी सोय सांगितली आहे, आणि ती वेगळी नसेल तर आतून बंद होणारी, एका वेळी एकालाच वापरायची खोली लागते. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्वतंत्र स्वच्छतागृहं आहेत. कडीबद्दल अवाक्षर नाही.

कोणती कडी? मॉलमध्ये असते तशी, आतून फिरवली की बाहेर लाल, उघडली की हिरवी दिसणारी. वाचता न येणाऱ्या मुलालाही आत कोणी आहे हे कळतं, दार बडवावं लागत नाही. बाहेरच्या बाजूला तिला एक खाच असते. मूल आत अडकलं, चक्कर येऊन पडलं, तर खाचेत नाणं घालून फिरवायचं, दार उघडतं. चौथीतली कार्टी ही युक्ती आठवड्यात शिकतात, हे खरं. पण नाण्याने फार तर दार उघडेल, कोणी कोंडलं जाणार नाही. घेताना आतली मूठ चपटी, मोठी बघा. गुळगुळीत गोल बटण ओल्या बोटांतून निसटतं. बसवायची अडीच फुटांवर. दार बाहेर उघडणारं असावं, कारण अरुंद जागेत पडलेलं मूल आत उघडणाऱ्या दाराला स्वतःच आड येतं.

आणि रात्रीच्या कुलपाचं काय? ते मुख्य दाराला लावा, प्रत्येक संडासाला कशाला?

हार्डवेअरच्या दुकानात मी ही कडी मागितली तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, शाळावाले ही नेत नाहीत, अल्ड्रॉप नेतात. कुलूप बसतं ना!" म्हणजे तीच बाहेरून लावायची कडी. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा निकालपत्रकावर सही करण्याआधी स्वच्छतागृहापर्यंत चक्कर मारा. गुडघ्यावर बसून, मुलाच्या उंचीवरून कडी लावून पाहा. आणि संडासाच्या दाराला बाहेरून कडी दिसली, तर ती त्याच दिवशी काढायला लावा.